गिटारपुरती फळी

१४ मे, बुधवार
ऑफिसातून लवकर सटकून गिटारच्या लाकडाच्या दुकानात. महॉगनीच्या एका तुकड्याचे एकशे ऐंशी युरो. त्यात फक्त गिटारचं धड. डच दुकानदाराने तुकडा कानाशी धरला, टिचकी मारली, डोळे मिटले. म्हणाला, ऐका. ऐकलं. लाकडावर टिचकी मारल्यावर येतो तसा आवाज आला.
ईराला हाताने इलेक्ट्रिक गिटार करून द्यायचा शब्द दिला तेव्हा पोरगी सोळाची होती. आता अठराची. ३० ऑगस्टला ग्रोनिंगनला चालली, विद्यापीठात. दोन वर्षांत जमवलं काय? पिकअप, खुंट्या, तारा, कोणाच्या तरी मोडलेल्या गिटारची मान. म्हणजे मांडव, भटजी, अक्षता सगळं तयार. नवरी तेवढी नाही.

१८ मे, रविवार
मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं: इथे स्वस्तात बरं लाकूड कुठे मिळेल? पंधरा मिनिटांत उत्तरं. सागवान घ्या. सागवानाला तोड नाही. आमच्या आजोबांचं कपाट अजून तसंच आहे. एका गृहस्थांनी स्वतःच्या पलंगाचा फोटो टाकला, विकायचा नाही, नुसता दाखवायला. पूर्ण ग्रुपात गिटार कोणी केलेली नाही.
साग जड. गळ्यात अडकवून तासभर उभं राहिलं तर फिजिओ लागेल. हे लिहिलं. त्यावर तीन अंगठे आणि एक ‘तरीपण सागच’.

२४ मे, शनिवार
बांधकाम-सामानाच्या अवाढव्य दुकानात. पाइन, पाइन आणि पाइन. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, शेडसाठी की कुंपणासाठी? गिटार म्हटल्यावर त्यांनी मला कुंपणाच्या विभागात पाठवलं.

१ जून, रविवार
समोरच्या घराचं नूतनीकरण चालू आहे. कचऱ्याच्या कंटेनरमध्ये जुन्या खिडक्यांच्या चौकटी. लाल, घट्ट, सुंदर लाकूड! रीतसर विचारून आणलं. खाली बर्गिंगमध्ये, म्हणजे सायकली ठेवायच्या त्या खोलीत, कापायला घेतलं. आत चार इंची खिळा. करवतीचं पातं गेलं, नवं होतं.
अनघा दारात. ‘बोटं आहेत ना सगळी?’
‘आहेत.’
‘मग जेवायला चल.’

७ जून, शनिवार
आई आली. तीन महिने राहणार. बॅगेतून लोणचं, मेतकूट, आणि सुनेसाठी, म्हणजे अनघासाठी, नवा पोळपाट. माझ्याही नकळत मी त्याची जाडी मोजली. अ. ने पाहिलं. पोळपाट आता वरच्या कपाटात आहे, माझा हात पोचतो पण हिंमत पोचत नाही.

१२ जून, गुरुवार
ईराने जेवताना फोन पुढे केला. काळी गिटार, फॅक्टरीची, पिशवीसकट. त्या महॉगनीच्या तुकड्याहून स्वस्त. सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर माल लावून तिने पैसे साठवलेत.
‘बाबा, इट्स फाइन. रिअली.’
चिडली असती तर बरं झालं असतं.
तिच्याकडून १५ ऑगस्टपर्यंत मुदत मागून घेतली. बापाने. मुलीकडून.

२१ जून, शनिवार
सापडलं!! पॉप्लर. हलकं, स्वस्त, गिटारला चालतं, नावाजलेल्या कंपन्यासुद्धा वापरतात. आणि या देशात ते कशासाठी वापरतात? क्लॉम्पेन, ते पिवळे लाकडी बूट. ब्राबंटमधल्या एका गावात हेंक नावाचे म्हातारे अजून हाताने बूट कोरतात. दोन गाड्या, एक बस.
हेंकनी विचारलं, कशाला हवंय? आता मी आईच्या हाताखाली मंडईत तयार झालेला माणूस. गरज दाखवली की भाव चढतो. गिटार म्हटलं की झालीच महॉगनी. म्हणालो, बूट कोरायला शिकतोय. म्हातारा खूश. ढिगातली सगळ्यात ताजी, जाड फळी स्वतः निवडून दिली. जवळजवळ फुकट.
येताना ट्रेनभर फळी मांडीवर. तपासनिसाने तिकीट माझं पाहिलं, संशयाने फळीकडे.
आईला फक्त ‘पॉप्लर, इथलं एक झाड’ असं सांगितलंय. बाबांच्या तबल्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायला लावणारी बाई. तिला कसं सांगू, चपलेचं लाकूड आहे म्हणून? ‘खडावा’ म्हणावं असं मनात आलं. पण हेंकचे बूट बघून कोणाला खडावा आठवणार नाहीत.

२९ जून, रविवार
फळी ओली आहे. दमट वगैरे नव्हे, ओली. दाबली की पाणी. बर्गिंगभर सुरणासारखा वास.

६ जुलै, रविवार
सकाळी खालून ‘टक्’. फळी टोकापासून मध्यापर्यंत उकलली. उरलेली पापडासारखी वळली.
वाचल्यावर कळलं (आधी वाचायचं असतं, हेही कळलं): बूट ओल्या लाकडातच कोरतात, मऊ असतं म्हणून. वाद्याला वाळलेलं लागतं. अशी फळी वाळायला वर्ष-दोन वर्षं. हेंकनी फसवलं नाही. मी जे सांगितलं त्यासाठी जे योग्य तेच दिलं. अगदी निवडून.
सहा आठवडे उरलेत.

१२ जुलै, शनिवार
हेंककडे परत. आई बरोबर आली, ‘घरात बसून किती मेतकूट खाऊ’ म्हणून. म्हणजे आज दोन ठिकाणी कबुली.
मोडक्या डचमध्ये सांगितलं. मुलगी, गिटार, खोटं. हेंकनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. ‘मग तसं सांगितलं का नाहीस?’ रागाने नाही, खरंच कळेना म्हणून. मंडईचं शास्त्र डचमध्ये कसं सांगायचं? ‘भाव वाढेल असं वाटलं.’ म्हणाले, ‘भाव त्या पाटीवर लिहिलाय.’ लिहिला होता. मोठ्या अक्षरात.
आई: काय म्हणतायत?
मी: मी गाढव आहे म्हणतायत.
आई: ते कळलं. लाकडाचं काय?
मग सगळं तिलाही सांगितलं. बूट, पॉप्लर, लपवाछपवी. ती हेंकच्या बुटांच्या रांगांकडे बघत राहिली. मी भाषणाची वाट पाहत होतो.
‘तुझ्या बाबांच्या तबल्याला काय होतं?’
‘काय म्हणजे? कातडं.’
‘आणि माझ्या चपलेला?’
भाषण एवढंच. तीन आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरली, ती या बाईसाठी.
हेंक खिडकीशी गेले. तिथल्या कपाटाच्या फळीवरचे बूट एकेक करून उतरवले. फळीही पॉप्लरचीच, दुकान लावलं तेव्हाची, वडिलांनी बसवलेली. इतक्या वर्षांत वाळून खडखडीत. स्क्रू काढायला घेतले. मी नको नको म्हणालो. ते म्हणाले, माझ्यानंतर इथे कोण बूट ठेवणार आहे?
पैसे घेईनात. आई पर्समधून मेतकुटाची पुडी काढून त्यांच्या हातात देऊन मोकळी. ‘भातावर घ्या म्हणावं, वर तूप.’ शक्य तेवढं भाषांतर केलं.

१३ जुलै, रविवार
फळीवर डाग आहेत. उन्हाने सगळी तांबूस झालेली, फक्त बूट ठेवले होते तिथे फिकट. जोडीजोडीने तळवे. आईला लगेच गौरीची पावलं दिसली. साइझ त्रेचाळीस.
रंधा मारायला घेतला तर ईरा सायकल ठेवायला खाली आली. दोन वर्षांत पहिल्यांदा थांबली.
‘वेट. हे काय आहे?’
सांगितलं. तिने एका तळव्यावर हात ठेवून पाहिला.
‘डोन्ट सँड दॅट.’
‘अगं पण वरची बाजू साफ करावीच...’
‘बाबा. डोन्ट.’
वरच्या बाजूला हात लावलेला नाही. मागून रंधा मारला.

३ ऑगस्ट, रविवार
मानेची खाच दोन मिलिमीटर रुंद झाली. पाचर मारली. कुठल्या लाकडाची ते इथेही लिहिणार नाही. अ. अधूनमधून वरचं कपाट उघडून मोजणी करते.

१६ ऑगस्ट, शनिवार
एक दिवस उशीर. तारा चढवल्या, स्पीकरला जोडली, वाजली. बऱ्यापैकी गिटारसारखी. ईराने अर्धा तास वाजवली, मग ‘नाइस’ म्हणून जेवायला गेली. नाइस म्हणजे काय, हे या देशात इतकी वर्षं काढूनही मला कळलेलं नाही. काळ्या गिटारबद्दल काही बोलली नाही. मी विचारलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन, बाल्कनीत, बादलीत. काल आईने गिटारलाही कुंकू लावलं, बरोबर पावलांच्या मधे. लॅकरवर. मी फडकं घेऊन गेलो तर ईरा म्हणाली, राहू दे. मराठीत.

३० ऑगस्ट, शनिवार
गाडी गच्च भरली. उशी, कुकर, सायकलचं हेल्मेट जे ती कधी घालणार नाही. शेवटी गिटार. ‘जागा होईल का गं?’ मी सहज विचारल्यासारखं. तिने कुकर काढून माझ्या हातात दिला.
अ. ने तो परत कोंबला. दोन्ही मावलं.
ग्रोनिंगनच्या खोलीत गिटारच्या पिशवीतला कप्पा दाखवला: मान सैल-घट्ट करायची किल्ली इथे. दोनदा दाखवला. ‘येस, बाबा. येस.’

९ सप्टेंबर, मंगळवार
आई परवा पुण्याला पोचली. तिथूनही पहिला प्रश्न, वाजवते का ती?
मला कुठे माहीत! दहा दिवसांत मेसेज आले ते वायफाय, डाळ आणि इन्शुरन्सबद्दल.
आज मीटिंगमध्ये असताना एक आला. ‘बाबा, बझ येतोय. पाचव्या फ्रेटवर. कॅन यू कम अँड फिक्स?’
बझ, म्हणजे तारेची ती झणझण, मानेचा. लाकडाचा नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. किल्ली पाव फेरी फिरवली की जातो. मानेवरच्या पाचव्या पट्टीवर आहे हे जिला कळलं, तिला किल्ली कुठल्या कप्प्यात आहे हेही माहीत आहे.
तसं कळवलं नाही. समोरच्याची गरज ओळखता आली तरी बोलून दाखवायची नसते, मंडईत आणि इतरत्रही.
शनिवारी सकाळची गाडी. अ. ने डाळ बांधून ठेवलीय, पाच किलो. मी माझ्याकडची किल्ली घेतली. जास्तीची.