एमिलच्या पिस्तुलाची चकाकी

४ मार्च, शुक्रवार
शेजारच्या अडेलबाई पिस्तूल घेऊन आल्या. त्यांच्या दिवंगत नवऱ्याने, एमिलने, दुसरं महायुद्ध संपल्यावर जर्मनीतून आणलेलं. ते विकून छप्पर दुरुस्त करायचंय, स्वयंपाकघरात गळतं. भाव काय येईल विचारत होत्या. मी एका नजरेत ओळखलं: दुकानात मिळायचं ते साधं मॉडेल, लष्करी नव्हे. अख्ख्या ओहायोत माझ्यासारखी पारख फार थोड्यांना.

५ मार्च
पिस्तूल फार कळकट. असं कोण घेणार? साफ करून देतो. शेजारधर्म.

६ मार्च, दुपार
घासताना बारीक गरुडाचा शिक्का दिसला. जर्मन लष्कराचा. म्हणजे लष्करीच की. नीट दिसावा म्हणून आणखी घासला.

आता दिसत नाही.

७ मार्च
वरून नवा निळा मुलामा दिला. आरशासारखं झालंय. जेवण गेलं नाही. हवा बदलली असावी.

१२ मार्च, शनिवार
बंदुकांच्या प्रदर्शनात प्रुइट नावाच्या व्यापाऱ्याला दाखवलं. म्हणाला, "कुठल्या शहाण्याने घासलं हे? जुना रंग आणि शिक्का असता तर छप्पर करून वर पैसे उरले असते. आता भंगाराच्या भावात गेलं."

मी म्हणालो, आधीच्या मालकाने. एमिल बिचारा काय बोलणार?

१३ मार्च
अडेलबाईंना उद्या सगळं खरं सांगायचं. नक्की.

१४ मार्च
गेलो होतो. त्यांची गाडी नव्हती. म्हणजे होती, पण गॅरेजमध्ये.

१६ मार्च
दिवसभर पाऊस. त्यांच्या स्वयंपाकघरातली बादली माझ्या खिडकीतून दिसते. पडदा ओढून घेतला.

१८ मार्च, शुक्रवार
चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपवासाचं मासे-जेवण; शुक्रवारी मांस चालत नाही, मासे चालतात. अडेलबाईंनी रांगेतच गाठलं. मी प्रुइटचा भाव सांगितला. इतका कमी का, म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, एमिलने कधीतरी घासून चकचकीत केलं असावं, मी फक्त वरचा मळ पुसला.

बाईंनी प्लेट टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "एमिल मला तर म्हणायचे, ते पिस्तूल डोळ्यांसमोर नको. म्हणजे मी झोपल्यावर एकटेच घेऊन बसत असतील. मला उठवायचं तरी होतं रे, वेंडेल."

रडल्या. म्हणाल्या, आता विकायचं नाही, त्यांचा हात फिरलाय त्यावरून. छपराचं बघू पुढे.

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि मासा खाल्ला. नंतर आणखी एक प्लेट घेतली.