अतिदक्षता विभागातला हलता दात

६ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. थोर काम हाती घेतलं की नोंद आपणच ठेवावी, मागाहून लोक काहीही लिहितात.

मुलांच्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, आज दाढ भरायला माझ्या क्लिनिकमध्ये आल्या होत्या. तोंडातला कापूस निघाल्याबरोबर कामाचं बोलल्या. व्हेंटिलेटरवरच्या मुलांची तोंडं साफ राहिली नाहीत तर तिथले जंतू नळीच्या कडेने छातीत उतरतात, आणि मूळच्या आजारात न्युमोनियाची भर पडते. आठवड्यातून दोनदा येऊन बघाल का, असं विचारत होत्या. मी हो म्हणालो. मानधन नाही. नसू दे. श्रीमंतांचे दात पांढरे करून कोणाचा पुतळा उभा राहिलेला नाही.

नर्सेसना दात घासायला शिकवायचं. मग ग्रंथ लिहायचा.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, लहान मुलांचं रडणं सोसत नाही म्हणून तर तुम्ही क्लिनिकमध्ये मुलं घेणं बंद केलंत. मी तिला समजावलं की घशात नळी असली की मुलांचा आवाजच निघत नाही. ती उठून आत गेली. कौतुक तिला शब्दांत मांडता येत नाही, पहिल्यापासूनच.

८ जानेवारी, बुधवार

पहिला दिवस. नवा पांढरा कोट, लांब बाह्या, खिशावर नाव भरतकामात.

दारातच अडवलं. इन्फेक्शन कंट्रोलची एक सिस्टर आहे, तिचं नाव मी साबणसिस्टर ठेवलं आहे. म्हणे कोट बाहेर टांगा, घड्याळ काढा, कोपरापासून खाली काही नको. धुतले हात. म्हणे अंगठे राहिले. पुन्हा धुतले. माझ्या या अंगठ्यांवर शहरातलं निम्मं हसू उभं आहे, हे हिला कोण सांगणार? तोंड उघडलं असतं, पण ती घड्याळ लावून उभी होती. साबण पुरेसा वेळ चोळला की नाही ते बघायला.

आत गेलो. खिडकीजवळच्या बेडवर सात वर्षांची मुलगी. तिची आई तिला मनी म्हणते. नसांचा काही आजार, हातापायांतली ताकद गेली, मग श्वासाची. नळी, यंत्र, वायरी. मोठ्या मॅडम म्हणाल्या, शरीर हलत नाही, पण ही पूर्ण जागी आहे, सगळं ऐकते, सगळं बघते.

तिने माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. एसी फार कमी ठेवतात तिथे, आणि सकाळचा नाश्ता झाला नव्हता. एका सिस्टरने पाणी दिलं. विनाकारण.

१० जानेवारी, शुक्रवार

नर्सेसपुढे व्याख्यान. चौघी आल्या, एक उभ्याने पेंगत होती. क्लिनिकमधला प्लास्टरचा मोठा जबडा नेला होता, त्यावर घासण्याची पद्धत दाखवली. पेंगणारीने डोळे न उघडता विचारलं, यात नळी कुठे आहे? मी म्हणालो, कल्पना करा. कल्पनाशक्तीचा दुष्काळ आहे या व्यवसायात.

नंतर कळलं की लहान मऊ ब्रशने घासणं, घासताना लाळ ओढून घेणं, ओठ ओलसर ठेवणं, उशाकडची बाजू उचललेली ठेवणं, हे सगळं त्या करतातच. मग मला कशाला बोलावलं? मॅडम म्हणाल्या, तोंडात चट्टे, फोड, कीड, हलणारे दात आम्हाला दिसत नाहीत ते तुम्ही बघा. म्हणजे बघा! मी काय वॉचमन आहे?

१४ जानेवारी, मंगळवार

मनीचा वरचा एक दुधाचा दात हलतो आहे. ज्युनिअर डॉक्टर म्हणाली, सर, हा काढून टाकायचा का? आपोआप निसटून श्वासनलिकेत गेला तर? तिच्या वयात मीही असाच घाबरट होतो. नव्हतो खरं तर. मी दाताला बोट लावून सांगितलं की महिनाभर तरी हा जागचा हलत नाही. दात मला ओळखतात.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. पापण्या तेवढ्या मनीला हलवता येतात. सिस्टर काही बोलल्या की ती एकदा डोळे मिटते. माझ्या बोलण्यावर मात्र दोनदा. आज चार वेळा तपासून पाहिलं. ब्रश मी धरू का? दोनदा. बरं वाटतंय ना मी आलो की? दोनदा. इतर लोकांच्या दुप्पट. मुलांना माणसाची पारख असते.

१७ जानेवारी, शुक्रवार

माझ्या आवडीचं निळं माउथवॉश नेलं. मोठ्या मॅडमनी बाटली वाचली, मग मला वाचलं. म्हणाल्या, हिला थुंकता येत नाही, गिळता येत नाही, आणि हे तोंडाची आग करतं. बाटली परत माझ्या पिशवीत. शोध नेहमी असेच दाबले जातात.

ग्रंथाचं एक पान लिहिलं. अर्पणपत्रिका. स्वतःला अर्पण करता येतो का, चौकशी करणे.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी. मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता. साबणसिस्टर मीटिंगला गेलेली, म्हणून कोट घालून आत गेलो, नाहीतर खिशावरचं नाव कसं येणार? नियमाचा मान राखून बाह्या दोनदा वर दुमडल्या. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मॉनिटरला टेकवला.

मनीची आई तिथेच होती. चष्म्याच्या दुकानात काम करते, डोळ्यांतलं तिला कळतं अशी तिची समजूत आहे. मनीला विचारते म्हणाली. विचारलं. मनीने दोनदा डोळे मिटले.

"डॉक्टर, ती नाही म्हणतेय," आई म्हणाली. "एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही."

मी म्हणालो, असं सरसकट धरून चालत नाही, एसीने डोळे कोरडे पडतात. आईला चहाला पाठवलं. मग एका हातात ब्रश, एका हातात लाळ ओढायची नळी, चेहरा कॅमेऱ्याकडे. ब्रश एकदा कुठेतरी अडकल्यासारखा वाटला. फोटो उत्तम. मनी त्यात थोडी हललेली आहे, म्हणजे हलू शकत नाही, पण फोकस माझ्यावर होता.

संध्याकाळी. हॉस्पिटलमधून फोन. तोंड साफ करताना सिस्टरला मनीचा हलणारा दात जागेवर दिसला नाही. तोंडात नाही, उशीवर नाही. गेलो. लाळेची बाटली गाळली, चादर झटकली, कचऱ्याची पिशवी उलटी केली, सगळा विभाग गुडघ्यांवर. छातीचा एक्स-रे काढला. डावीकडे, आधीच पांढऱ्या पडलेल्या जागी, एक ठिपका. दात असेल, नसेलही. मोठ्या मॅडम म्हणाल्या, धोका पत्करता येणार नाही, उद्या सकाळी दुर्बीण घालून बघू. तिच्यासारख्या पोरीला तेही सोपं नाही, हे त्यांनी आईला सांगितलं तेव्हा मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो.

दात शेवटचा कोणी पाहिला, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. मी नर्सेसच्या निष्काळजीपणावर चार शब्द बोललो. आवश्यक होतं. घाईत कोट काढायचा राहिला होता, आणि आई त्याच्या दुमडलेल्या बाह्यांकडे बघत होती. चष्म्याच्या दुकानातली सवय.

घरी. बायको कोट धुवायला टाकत होती. दुमडलेल्या बाह्या उलगडल्या तेव्हा फरशीवर टक असा आवाज झाला. मी म्हणालो, क्लिनिकमधला कोणाचातरी असेल. ती म्हणाली, दुधाचा आहे, आणि तुम्ही मुलं घेत नाही.

वैज्ञानिक वृत्तीच्या माणसाने घाई करू नये, म्हणून आधी मोठ्या मॅडमना एक संयत पत्र लिहायला बसलो. काही घटना अनपेक्षित वळण घेतात, इथवर आलो होतो. सकाळी स्वतः नेऊन देणार होतो, दुर्बिणीच्या आधी, बहुधा. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. फोनवर होती.

"मॅडम, मी डेंटिस्टची बायको. दात आमच्या घरी आहे."

२५ जानेवारी, शनिवार

दुर्बीण रद्द. तो ठिपका कफाचा होता.

मोठ्या मॅडमनी खोलीत बोलावलं. आरडाओरडा करतील तर उत्तर तयार होतं. त्यांनी केला नाही. मनीच्या आईची माफी मागायला सांगितलं. मागितली. आई म्हणाली, माझी नका मागू, ती आत जागीच आहे. आत जाऊन मागितली. मनीने डोळे मिटले की नाही ते मी पाहिलं नाही. एसी.

मग मॅडम म्हणाल्या, येणं थांबवू नका, पण बेडपाशी नको. दाराशी बेसिनजवळ उभे राहा, आत जाणाऱ्यांचे हात बघा. हलणारे दात उद्यापासून दुसरे डॉक्टर बघतील.

प्रवेशद्वार विभाग पूर्ण माझ्याकडे. जबाबदारी वाढली आहे. बायकोला तसंच सांगितलं. ती हसली नाही, हे बरं केलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एका नामांकित हार्ट सर्जनला परत पाठवलं. अंगठे राहिले होते. तो म्हणाला, तुम्ही कोण? काय सांगणार? म्हणालो, अंगठे. लोकांना हात धुता येत नाहीत, हे या वयात कळावं! सगळे बोटांची टोकं ओली करतात आणि आरशात भांग बघतात. साबणसिस्टर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान हलवून गेली. मला तिच्या मताची गरज नाही.

दाराच्या काचेतून खिडकीजवळचा बेड दिसतो. मी बघत नाही. यंत्राचा आकडा तेवढा बघतो. शुक्रवारी अठरा होता, आज चौदा. कमी होतो म्हणजे ती स्वतः जास्त श्वास घेते आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मनीची नळी काढली. छातीत नवं काही झालं नाही, एकदाही ताप नाही. याचं श्रेय विभागून घ्यावं लागणार. ग्रंथात एक प्रकरण बेसिनवर घालावं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मनीला साध्या वॉर्डात हलवायचं होतं. निरोपाला सगळे जमले. मोठ्या मॅडमनी मलाही आत बोलावलं. अंगठ्यांसकट हात धुतले, कोट घरीच होता. खिशात छोटं भाषण होतं. आजारातून उठलेली मुलं सहसा डॉक्टरांचे आभार मानतात, तेव्हा दोन शब्द बोलावे लागतात.

मनी उशीला टेकून बसली होती. हात मांडीवर उताणे. दुसरा वरचा दात हलत होता, आणि ती तो जिभेने ढकलत होती. ज्युनिअर डॉक्टर पुढे झाली, तर मनीने मान हलवली. मग उजवा हात उचलला. हळूहळू, थरथरत, मध्ये दोनदा खाली पडला. आई मदतीला वाकली आणि मागे सरली. बोटं ओठांपर्यंत पोचली, दात चिमटीत धरला, ओढला. निघाला. तिने तो आईच्या हातावर ठेवला.

सिस्टर लोक रडायला लागले. साबणसिस्टरसुद्धा, कोपराने डोळे पुसत. हात धुतलेले होते ना.

मी एक पाऊल पुढे झालो आणि घसा साफ केला. मोठ्या मॅडमनी मनीला विचारलं, इतके दिवस तुझं तोंड कोणी कोणी साफ केलं, ओळखतेस? तिने घोगऱ्या आवाजात एकेका सिस्टरचं नाव घेतलं. पेंगणारीचंसुद्धा. मग माझ्याकडे वळली. मी खिशातला कागद काढला.

"आई," ती म्हणाली, "फोटोवाल्या काकांना सांग ना, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढायला."

मी डॉक्टर आहे हे तिच्या लक्षात राहिलं नसावं. मीही आठवण करून दिली नाही. आईने फोन माझ्या हातात दिला. सगळे बेडभोवती उभे राहिले, मनीने तोंड उघडून दोन्ही खिंडी दाखवल्या.

चांगला आला आहे फोटो. मोठ्या मॅडमनी मलाही पाठवला. बायकोने तो बराच वेळ मोठा करून पाहिला आणि विचारलं, तुम्ही कुठे आहात यात?

मी म्हणालो, मी काढला.