फॉनसाहेबांवरचा शेरा

११ जानेवारी
प्रकरण सातवं सुरू. अनुवाद निम्म्यावर आला. एकोणिसाव्या शतकातला हा प्रशियन सरदारपुत्र. नावाआधी 'फॉन', जन्म गढीतला, पुढे कायदा शिकून जिल्ह्याचा अधिकारी. म्हणजे आपला कलेक्टरच. मी त्यांना फॉनसाहेब म्हणते (यापुढे फॉ.सा.). कॉलेजात शिकलेलं जर्मन इतक्या वर्षांनी कामी येतंय. हे म्हणतात, "नोकरीत साहेबच सोसलेस, आता रिटायर झाल्यावर जर्मनीहून आणखी एक मागवलास!"

१४ जानेवारी
संक्रांत, आणि मी गोड बोलायच्या मनःस्थितीत नाही. चरित्र लिहिणाऱ्या डॉ.बाई (तिकडच्या प्राध्यापिका) फॉ.सां.ना सरळ नालायक ठरवतात. कारण काय, तर सरकारी जंगलातली लाकूडतोड्यांची घरं हटवायचा हुकूम वरून आला आणि यांनी त्या फाईलवर नऊ वर्षं एकच शेरा मारला: 'सहा आठवड्यांनी पुन्हा सादर करावे.' बाईंचा निकाल: जन्माच्या जोरावर खुर्ची मिळालेला, दिरंगाई करणारा माणूस.

दिरंगाई. माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी हाच शब्द लिहिला होता. बढती गेली ती गेलीच. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

१९ जानेवारी
पुस्तकाच्या शेवटी त्या फाईलच्या पानांचे फोटो आहेत. भिंग घेऊन बसले. फॉ.सां.चं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण शेजारी छापील उतारा आहे. दर शेऱ्याखाली एक शंका. नकाशावर सही नाही. ओढ्यापलीकडची तीन घरं यात धरली आहेत का? पाद्रीबाबांचं मत घ्यावं. आणि एका वेळी एकच!

आळशी माणूस फाईल दाबून ठेवतो. फिरवत नाही. फिरवायला डोकं लागतं, आणि वरून बोलणी खायची तयारी.

२० जानेवारी
कांबळींना फोन. आमच्या ऑफिसातले शिपाई, आता दिंडोशीला लेकाकडे असतात. फॉ.सां.ची सगळी हकिकत सांगितली. खो खो हसले. "मॅडम, तुमी तरी दुसरां काय केलात? ती पाड्याची फाईल काखेत मारून मीच तर फिरत होतंय!"

खरंय. डोंगराकडच्या पाड्यावरची घरं हटवायची फाईल. मी एकेक शंका काढायचे, कांबळी ती या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे. शेवटची सही मी कधीच केली नाही. घरं आजही उभी आहेत.

२ फेब्रु.
डॉ.बाईंना पत्र धाडलं. पाच वेळा खोडून लिहिलं. आपला प्रकाशक वैतागला, "मॅडम, तुम्ही अनुवाद करा ना! वकिली कशाला?" पण त्या माणसाबद्दल हे असलं माझ्या हाताने मराठीत उतरवायचं? नाही जमणार.

९ फेब्रु.
उत्तर आलं. सभ्य आणि थंडगार. "कल्पना मनोरंजक आहे. पुरावा?"

पुरावा मागणाऱ्यांच्यातच हयात गेली माझी. लगेच उलट लिहिलं: फॉ.सां.च्या बाकीच्या फायली काढा. आळशी माणूस सगळीकडे आळशी असतो.

२१ मार्च
अजून काही नाही. वाट लागली बहुतेक. हे म्हणाले, "तिनेही शेरा मारला असेल, सहा आठवड्यांनी सादर करा." हसले नाही मी.

२ एप्रिल
जिंकलो!!! डॉ.बाई स्वतः जाऊन दफ्तरखाना उपसून आल्या. पूल, शाळा, पटकीची साथ, फॉ.सां.नी बाकी सगळ्या फायली आठवडाभरात निकाली काढलेल्या. फक्त ही एकच नऊ वर्षं फिरत राहिली, आणि ते निवृत्त व्हायच्या आत वरचा हुकूमच रद्द झाला. एकही घर हललं नाही. बाई लिहितात, "मी चुकले. सातवं प्रकरण नव्याने लिहिते आहे."

पत्र चारदा वाचलं. मग रडले. मग शिरा केला. कांबळींना फोन केला तर म्हणाले, "झकास! त्या साहेबाक माझो नमस्कार सांगा."

४ मे
नवं प्रकरण आलं, काय सुरेख लिहिलंय! बाईंची एक विनंती. पुस्तकाच्या शेवटी मी टिपण लिहावं: हे माझ्या लक्षात कसं आलं? दोन्ही भाषांत छापणार.

एका बैठकीत दोन पानं. पाडा, शंका, साहेबांचा शेरा, सगळं. नावानिशी. काय हलकं वाटलं! यांना वाचायला दिलं.

"छान लिहिलंयस. पण ती फाईल बंद झालीये का गं?"

नाही झाली. कुठल्या तरी कपाटात असणार. कुणी वाचलं, शोधायला गेलं, तर...

१७ मे
बोरीवली स्टेशनबाहेर ताराबाईंकडून करवंदं घेतली. त्या पाड्यावरच्याच. फाईलचं त्यांना काही ठाऊक नाही, मी म्हणजे पिकलेलीच निवडून मागणारी कटकटी बाई. आज खुशीत होत्या. नातीचं लग्न ठरलंय, मांडव दारातच घालणार. "तुम्ही पण या, बाई." मूठभर करवंदं वर घातली.

१८ मे
टिपण पुन्हा वाचलं. चांगलं झालंय. समासात पेन्सिलीने लिहिलं: 'शंका: ताराबाईंना विचारले काय? सहा आठवड्यांनी पुन्हा सादर करावे.' खाली सही, तारीख.

दुपारी प्रकाशकाचा फोन. सांगितलं, थोडं काम बाकी आहे.

"मॅडम, फार दिरंगाई होतेय हं."

"हो," म्हटलं, "होतेय खरी." आणि फोन ठेवून इतकी हसले की हे आतून बघायला आले.