शेळीचं बाळंतपण

होटगी. मंगळवार, संध्याकाळ.

भाकरी थापतानाही ती शेळीच डोळ्यांसमोर.

आज सुनंदाच्या बाळाचं वजन करायला गेले. या महिन्यातही वाढलेलं नाही. सुनंदा स्वतः पांढरीफटक. आणि दारात तिची सासू अंगणवाडीचं पिठाचं पाकीट फोडून शेळीला चारत होती! बाळंतिणीसाठी मीच दिलेलं पाकीट. मी तडकलेच.

सासू शांतपणे म्हणाली, "सुनंला ते बादतंय, बाई. शेळीबी आत्ताच व्यालीय. तीबी बाळंतीणच की."

शेळी चकचकीत होती, हे खरं. कास भरलेली.

"मग तिचं दूध सुनंदाला देता का?"

"आदी करडं पित्यात. उरलं तर च्याला."

सुनंदा आत मान खाली घालून बाळाला पाजत होती.

एवढं ओरडायला नको होतं का? उद्या त्याच पिठाचा शिरा तिथंच चुलीवर करीन. आधी सासूला चाखायला लावीन, मग सुनंदा खाईपर्यंत तिथंच बसेन.

बाळंतीण कशी सांभाळायची, हे त्या बाईला शिकवायची गरजच नाही. शेळी किती छान सांभाळलीय.