बोल्ट बसत नाही

१ ऑक्टोबर १९८७, गुरुवार
खंडेनवमी. आईचा हट्ट — घरात शस्त्र आणि पूजा नाही? पुण्याहून खास दसऱ्याला आली आहे, मोडवत नाही. कपाटाचं कुलूप काढून रायफल टेबलावर ठेवली. गोळी आत ढकलणारा बोल्ट मागे खेचलेला, आत गोळी नाही. हळदकुंकू, अक्षता, बागेतला डेलिया. सुहासिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. ऑगस्टमध्ये इथे इंग्लंडात, हंगरफर्ड गावी, एका माथेफिरूने असल्याच रायफलीने माणसं मारली आणि तेव्हापासून बायकोचा अबोला मला! सरकारही आता या सेल्फ-लोडिंग, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफली बंद करणार म्हणे.

४ ऑक्टोबर, रविवार
लाजिरवाणा दिवस. रायफल क्लबच्या रेंजवर नेम धरायला गेलो तर बोल्ट पुरता बसेचना. खेचा, ढकला, पुन्हा तेच. क्लबातला म्हातारा केन म्हणाला, घरी भरलेली काडतुसं ना, मग होणारच.
घरीच भरतो! काडतुसाची एकेक रिकामी पुंगळी घासून, दारू तोलून. कारखान्याने मार्चमध्ये रिडन्डंट म्हणून नोकरीवरून काढल्यापासून तेवढं एकच काम माझ्या हातून बिनचूक होतं. तेही गेलं तर उरलं काय?
अठराला क्लबची मॅच. या रायफलीची बहुधा शेवटचीच. ती मला हवी आहे, बस्स.

६ ऑक्टोबर
पुंगळ्या मापात. ठिणगी देणारे प्रायमर ठीक. म्हणजे दोष दारूत, नीट जळत नसणार — अर्धा डबा माधवचा. शाळेपासूनचा मित्र, क्लबात त्यानेच नेलं. फोन करून वाट्टेल ते बोललो, दमट माल माझ्या गळ्यात मारलास वगैरे. "अरे, त्याच डब्यातली मी वापरतोय," तो म्हणाला. "आधी काजळी बघ." मी फोन आपटला.

७ ऑक्टोबर
दिवसभर गॅरेजमध्ये काजळी काढली. नळी लख्ख. तरी बोल्ट अडतोच. आई सारखी चहा घेऊन येते, दाराशी घुटमळते. वैताग! तिच्यावरही ओरडलो.

८ ऑक्टोबर
जेवण नको झालंय.

१० ऑक्टोबर, शनिवार
सापडलं! नळीच्या मागे, बोल्ट जिथे अडकून बसतो त्या खाचेत — तेलात कालवलेलं कुंकू आणि अक्षता! वरून मीच ब्रशने रेटून घट्ट बसवल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि म्हणे इंजिनियर. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसलो. माधवची माफी मागितली. तोही हसत सुटला. बोल्ट आता खट्कन बसतो. अठराला जाणार!

११ ऑक्टोबर
आईला चेष्टेने म्हटलं, तुझ्या अक्षता उडून आत गेल्या होत्या. ती हसली नाही.
"उडाल्या नाहीत. पूजेच्या वेळी तू फोन घ्यायला गेलास तेव्हा मीच घातल्या, बोटाने दाबून. चालू नये म्हणून."
ती दसऱ्यासाठी आलीच नव्हती. सुहासिनीने फोनवर रडून बोलावून घेतलं होतं — हे दिवसभर दार लावून बसतात, आई, तुम्ही या.
मी चिडलो. मी काय तो माथेफिरू आहे? लोकांना मारत सुटेन?
"लोकांना नाही रे," आई म्हणाली.
मार्चपासून मनात काय येऊन जायचं, ते मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.
दुपारी माधवबरोबर जाऊन रायफल क्लबात ठेवून आलो.