कैदी परदेशी हवा

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय घरी माझं कोणी ऐकत नाही.
शोध लागला! देशात बेकायदा राहणारा माणूस गुन्ह्यात दोषी ठरून आपल्या तुरुंगात बसला, तर त्याच्या खर्चातला वाटा वॉशिंग्टनचं केंद्र सरकार परत देतं. आमच्या टॅमरॅक काउंटीने आजवर एक डॉलर मागितलेला नाही. कारण इथे हुशार जेलर नव्हता. आता मी आहे.

४ फेब्रुवारी
काउंटी बोर्डाची बैठक. अध्यक्ष हाल्व्होर म्हणाला, पैसे नाहीत, जूनअखेर तुरुंगातली रात्रपाळीची जागा बंद. म्हणजे आमची आर्लिस. तिच्या नवऱ्याचं, मायलोचं, डायलिसिस तिच्या नोकरीच्या विम्यावर चालतं. मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, आर्लिसचा पगार वॉशिंग्टन देईल, माझ्यावर सोडा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भारावले असावेत.
हाल्व्होर म्हणाला, नक्की ना रे व्हर्लिन? बॉयलरसुद्धा तूच दुरुस्त करणार होतास.
खवचट मेला.

५ फेब्रुवारी
आर्लिसने दालचिनीचे रोल आणले. कशाबद्दल, विचारलं. म्हणाली, मायलोने सांगितलंय, आता व्हर्लिनला खाऊपिऊ घाल, सगळी भिस्त त्याच्यावर आहे. चार खाल्ले.
संकल्प : गोड बंद. सोमवारपासून.

११ फेब्रुवारी
यादी तयार! गेल्या हंगामात बीटच्या शेतांवर कामाला आलेले आणि इथे शिक्षा भोगून गेलेले. ट्रेविन्यो, सालिनास, ओलिवारेस वगैरे मिळून नऊजण. आर्लिस म्हणाली, अहो, कुठले आहात असं एकदा विचारायचं तरी त्यांना. मी म्हटलं, बाई, मेक्सिकोचे, नावावरून कळतं. अनुभव लागतो. ती किल्ल्या घेऊन फेरीला गेली. पटलं असणार.

१९ फेब्रुवारी
लॉर्न पिकेट दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा सापडला होता. न्यायाधीशबाईंनी चार दिवस ठोकले. फार सज्जन माणूस. तुरुंगाचं जेवण जेवून थँक्यू म्हणतो! हॉकीवर काय बोलतो! संध्याकाळी मॅच होती, म्हणून वर्तणूक चांगली असा शेरा मारून आज तिसऱ्याच दिवशी सोडला. आपल्यातल्या माणसासाठी एवढं करावं.
यादी पाठवून दिली. नवा बॉयलरही बघून ठेवला आहे.

६ मार्च
ट्रेविन्यो येऊन भांडून गेला. त्याला यादीचं कुठूनसं कळलं. म्हणाला, साहेब, माझा आजोबा टेक्सासात जन्मला. तुमचा कुठे हो?
नॉर्वेत. पण तो विषय वेगळा आहे.

२ एप्रिल
वॉशिंग्टनचं उत्तर. नऊच्या नऊ अमेरिकन नागरिक. एवढी मोठी कचेरी, चूक होणारच. तरी खचलो नाही. एक रोल खाल्ला.
आर्लिसने विचारलं, काही कळलं का? म्हटलं, प्रगती आहे.

९ एप्रिल, सकाळी
आर्लिस धावतच आली. म्हणाली, ऐकलंत का, तुमच्या लॉर्नला सीमेवर धरला! कॅनडाचा निघाला, अकरा वर्षं कागदांशिवाय राहत होता!
मी तिला मिठीच मारली. परदेशी, दोषी, आणि आपल्याच तुरुंगात बसलेला! एकाने सगळा पगार निघणार नाही, पण सुरुवात तर झाली. बोर्डाचं तोंड बंद होईल. आर्लिसच्या डोळ्यांत पाणी. मायलोला फोन लावायला पळाली.

९ एप्रिल, दुपारी
वॉशिंग्टनला फोन केला. बाईचा आवाज गोड. म्हणाली, कैदी सलग चार दिवस तरी आत असायला हवा. म्हटलं, तीन चालतील? नाही. मॅच होती हो, म्हटलं. तिने फोन ठेवला.
आर्लिसला उद्या सांगेन.

२२ एप्रिल
उद्या नक्की.

३० मे
तिची रजा होती. रविवारी चर्चमध्ये गाठलं असतं, पण तिथे असले विषय बरे नव्हेत.

३० जून
बोर्डाने जागा बंद केली. हाल्व्होरने तुरुंगाची नोंदवही मागवून सगळं वाचून दाखवलं. वॉशिंग्टनची चार दिवसांची अट, लॉर्नचं नाव, किती दिवस आत होता, सगळं. आर्लिस मागच्या खुर्चीत बसली होती. मायलोही आला होता, काठी टेकत.
बाहेर आल्यावर तिने किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी म्हटलं, काहीतरी मार्ग काढतो. ती म्हणाली, नको. फक्त एवढं सांगा, त्याला एक दिवस आधी का सोडलात?
मी म्हटलं, अगं, आपल्यातला वाटला.
ती म्हणाली, आणि मी हो?
मायलोला गाडीत बसवायला मी दार धरलं. तो थँक्यू म्हणाला.