पुड्यावरचा कोंबडा कुणाचा

३ एप्रिल

डिझाइनरची प्रसिद्धी मोजायची कशी, असं आज मला विचारलं गेलं! विचारणारीचं नाव लो. शाळेत मी अक्षरलेखन शिकवायचे तेव्हाची माझी विद्यार्थिनी, आता तैपेईच्या डिझाइनर संघाची चिटणीस. "बाई, समिती नेमलीय. शंभर गुण ठेवलेत. बक्षिसांचे चाळीस, परदेशी आमंत्रणांचे वीस, मोबाइलवरच्या चाहत्यांचे—" मी म्हटलं, आणि फुशारकीचे किती? तिला वाटलं मी थट्टा करतेय. करतच होते.

या संघात बक्षीस देणारे, घेणारे आणि टाळ्या वाजवणारे तेच ते लोक. यंदा तू मला, पुढल्या वर्षी मी तुला. म्हणे प्रसिद्धी!

४ एप्रिल

लोच्या हिशेबात सगळ्यात वर तो पदकवाला डिझाइनर, याओ पो-हान. शेजारच्या आ-थाओला विचारलं. तिची मासळीच्या पेजेची गाडी आहे, आमचं अर्धं थायनान शहर तिच्याकडे न्याहारी करतं. याओ पो-हान ठाऊक आहे का गं? "कोण? कोपऱ्यावरचा नवा दातांचा डॉक्टर?"

मग फू-शिन कंपनीच्या तांदळाच्या कुरकुरीत रोलचा पुडा दाखवला. पिवळाधमक, त्यावर डोळा मिचकावणारा लाल कोंबडा. "काहीतरीच विचारता ताई! हा कुणाला ठाऊक नाही?"

हा कोंबडा मी काढला. मास्तरकीच्या आधी छापखान्याच्या चित्रविभागात होते, नुकती लागलेली. पुड्यावर चित्रकाराचं नाव घालत नाहीत. मीही कुणाला सांगितलं नाही. बरोबरीचे नाटकांची पोस्टरं करायचे, त्यांच्यात खाऊच्या पुड्याचं काय सांगायचं? ठाऊक होतं ते फक्त माझ्या नवऱ्याला. तो गेला.

२१ मे

फू-शिनच्या मालकाचा नातू परदेशात शिकून आला आणि त्याने पुडा बदलायला दिला. कुणाला? याओला! पेपरात फोटो आहे. काळा सदरा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. म्हणतो, "जुन्या पुड्यावर फार गोंगाट होता. मी त्याला शांत केलं."

माझा कोंबडा म्हणजे गोंगाट! मेल्या, तुझा बाप लहानपणी त्याच्याकडे बघून रडायचा थांबला असेल.

जेवण गेलं नाही.

९ जुलै

नवा पुडा दुकानात आला. पांढरा. मधोमध एक राखाडी ठिपका, खाली मुंग्यांची रांग असावी तशी अक्षरं. बस्स. कोंबडा नाही.

लोचा फोन. "बाई, काय संयम आहे ना!" संयम कसला, आळस! नमस्कार म्हणून फोन ठेवला.

दुकानात बिस्किटांसमोर उभी राहून रडले, हे तिला सांगितलं नाही. या जगात माझं म्हणून तेवढं एकच होतं.

१२ ऑगस्ट

आमच्या चांद्र पंचांगातला सातवा महिना लागला, पितर घरी येतात तो. दारोदार नैवेद्याची टेबलं मांडलीत. फळं, सरबतं, खाऊच्या पुड्यांचे ढीग. सगळी गल्ली पालथी घातली. फू-शिनचा नवा पुडा एकाही टेबलावर नाही!

आ-थाओ म्हणाली, "पांढरा नि राखाडी? ताई, ते मयताचे रंग! आणि आमच्या सासऱ्यांना कोंबडावालाच लागायचा. हे असलं ठेवलं तर ओळखतील तरी का? म्हणतील, सुनेनं उपाशी ठेवलं."

हसून हसून पोट दुखलं. एवढी पदकं गळ्यात, आणि आपल्याकडे खाऊचा पुडा आधी पितरं खातात, मग आपण, एवढं याच्या डोक्यात आलं नाही!

१५ ऑगस्ट

नवऱ्याच्या तसबिरीपुढे घरातला शेवटचा जुना पुडा ठेवला. नंतर एकटीने सगळा संपवला.

३ सप्टेंबर

कोंबडा परत येतोय! दुकानदारांनी पांढरे पुडे खोकीच्या खोकी परत धाडले. आणि त्याच पांढऱ्या पुड्याला संघाचं सुवर्णपदक! दोन्ही बातम्या आजच्याच. लोला फोन केला — काय गं, याओचे गुण वाढले का? "वाढणारच ना बाई. खप आणि प्रसिद्धी वेगळी." धन्य आहे.

२० सप्टेंबर

याओ कसला डोकेबाज! आता तोच जुन्या पुड्यांचं प्रदर्शन मांडतोय, इथेच, थायनानमध्ये. नाव — 'अनाम हात'. जाहिरातीवर माझा कोंबडा, खाली मोठ्या अक्षरांत नाव याओचं! मुलाखतीत म्हणतो, "हे कुणी काढलं, कंपनीलाही माहीत नाही. असेल कुणी भाबडा कारागीर."

भाबडा! त्या एका डोळ्यासाठी मी आठवडाभर कागद फाडत होते. पण दाखवू काय? छापखाना कधीच बंद पडला, मूळ चित्र रद्दीत गेलं.

११ ऑक्टोबर

ठरलं. उद्या जाते आणि सांगते. पुरावा नाही तर नाही. जन्मभर प्रसिद्धीला नाकं मुरडली, पण इथे खोटं कशाला लिहू? मला हवी आहे. एकदाच. कोंबड्याखाली माझं नाव, चार लोकांनी वाचावं. निळ्या कोटाला इस्त्री केली.

१२ ऑक्टोबर

प्रदर्शनातल्या मुलीला म्हटलं, हा कोंबडा मी काढला. ती गोड हसली. "आजी, या आठवड्यातल्या तुम्ही चौथ्या."

माझे तोतये! एक नाही, तीन!

विचारलं, त्यांतलं खरं कोण वाटलं? "टोपीवाले आजोबा. कोंबड्यापुढे रडले हो ते."

मी वाद घातला नाही. नाव न सांगताच बाहेर पडले आणि घरापर्यंत हसत आले. याओ पो-हान, तुझ्या त्या ठिपक्यासाठी कुणी खोटं तरी रडेल का रे?